मोठा डेटा भरण्याचा वेग: दोन डेटाबेसची प्रामाणिक तुलना कशी करावी

दोन रिलेशनल डेटाबेसपैकी कोणत्या डेटाबेसमध्ये मोठा डेटा लवकर भरून होतो, हा प्रश्न वरवर सरळ वाटतो. एकच फाइल दोघांना द्यावी, वेळ मोजावी आणि कमी सेकंद घेणारा सरस ठरवावा, इतकेच त्यात आहे असे वाटते. प्रत्यक्षात या पद्धतीने मिळणारे बहुतेक आकडे दोन वेगवेगळ्या कामांचे असतात. एका डेटाबेसने प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की करून, प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) तपासून आणि इंडेक्स (नोंद लवकर शोधण्यासाठीची सूची) बांधून काम संपवलेले असते. दुसऱ्याने मात्र डेटा मेमरीत घेऊन, काही तपासण्या वगळून, ‘झाले’ असे कळवलेले असते. दोघांनी सारखेच काम सारख्याच हमीवर केले असेल तरच वेळेच्या आकड्यांना अर्थ उरतो. त्यामुळे तुलनेतले बरेचसे कष्ट मोजणी सुरू होण्यापूर्वीचे आहेत, आणि पुढील विवेचनाचा भरही तिथेच आहे. उदाहरणे मुख्यतः पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची घेतली आहेत. एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल आणि एसक्यूलाइट यांचा उल्लेख जिथे त्यांचे वागणे वेगळे पडते तिथे केला आहे.

आधी प्रश्न नेमका करावा

जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत एकदाच करायचे स्थलांतर, रोज रात्री चालणारी भरती आणि दिवसभर थोडी थोडी येणारी आवक ही तीन वेगळी कामे आहेत. पहिल्यात टेबल रिकामे असते, दुसरे कोणी सर्व्हर वापरत नसते आणि बिघाड झाला तर पुन्हा सुरुवातीपासून भरता येते. दुसऱ्यात टेबलात आधीचा डेटा आणि इंडेक्स दोन्ही असतात. तिसऱ्यात तर एकूण वेळेपेक्षा प्रत्येक तुकडीला लागणारा वेळ महत्त्वाचा ठरतो. यांपैकी आपले काम कोणते, हे एका वाक्यात लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पहिल्या कामात सरस ठरलेला डेटाबेस दुसऱ्यातही सरस ठरेलच असे नाही.

त्यानंतर मोजणी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ठरवावे. माझ्या मते ‘रिकाम्या टेबलापासून क्वेरीला तयार असलेल्या टेबलापर्यंत’ ही व्याख्या सर्वांत उपयोगी आहे. तिच्यात डेटा भरणे, इंडेक्स बांधणे, कन्स्ट्रेंट (डेटावर लावलेले नियम) तपासणे, क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या क्वेरी प्लॅनरसाठी आकडेवारी गोळा करणे आणि मेमरीतली बदललेली पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) डिस्कवर उतरवणे हे सगळे येते. या प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा नोंदवावा आणि बेरीजही द्यावी. पोस्टग्रेसमध्ये भरती संपल्यावर ‘व्हॅक्यूम ॲनालाइझ’ आणि ‘चेकपॉइंट’ या आज्ञा मोजणीतच धराव्यात. नुसता ‘कॉपी’ या घाऊक भरतीच्या आज्ञेचा वेळ धरला तर डिस्कवरचे बरेच लेखन मोजणीबाहेर राहते, आणि नोंदींवरच्या दृश्यतेच्या खुणा लिहिण्याचे काम पुढे पहिल्यांदा वाचणाऱ्या क्वेरीच्या माथी पडते. मायएसक्यूएलचा डेटा साठवणाऱ्या इनोडीबी या इंजिनातही भरती संपल्यानंतर काही काळ पार्श्वभूमीत पाने डिस्कवर उतरत असतात. तेव्हा पुढची चाचणी लगेच सुरू केली, तर मागच्या चाचणीचा भार तिच्या वेळेत मिसळतो.

डेटा आणि यंत्र

चाचणीसाठी डेटा निवडताना टीपीसी-एच या प्रमाणित बेंचमार्कसोबत येणारे ‘डीबीजेन’ हे साधन सोयीचे पडते. ते आठ टेबलांचा डेटा तयार करते. डेटाचे प्रमाण ठरवणारा स्केल फॅक्टर १ ठेवला की एकूण सुमारे १ जीबी डेटा मिळतो आणि त्यातल्या ‘लाइनआयटम’ या सर्वांत मोठ्या टेबलात १६ कॉलम व ६०,०१,२१५ नोंदी असतात. एक खोच ध्यानात ठेवावी: या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटीही उभ्या दांडीचे विभाजक चिन्ह असते, त्यामुळे पोस्टग्रेसची ‘कॉपी’ आज्ञा एक कॉलम जास्त असल्याची तक्रार करून थांबते. ते चिन्ह एकदाच काढून टाकून स्वच्छ केलेली फाइल सर्व डेटाबेसना द्यावी. साफसफाई एका डेटाबेसच्या मोजणीत आणि दुसऱ्याच्या मोजणीबाहेर असे होऊ देऊ नये.

तयार डेटाबरोबर स्वतःच्या कामातला डेटाही वापरावा, हे मी आग्रहाने सांगेन. चार पूर्णांकांची अरुंद नोंद आणि लांब मजकुराची रुंद नोंद यांचा भरतीतला स्वभाव अगदी निराळा असतो. अरुंद नोंदींत प्रत्येक नोंदीमागचा ठरावीक खर्च जड होतो, तर रुंद नोंदींत डिस्कचा वेग. म्हणूनच निकाल सेकंदाला किती नोंदी आणि सेकंदाला किती एमबी अशा दोन्ही मापांत द्यावा. देवनागरी मजकूर असेल तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक कोडपॉइंटला तीन बाइट लागतात, तेव्हा अक्षरांच्या संख्येवरून आकाराचा अंदाज बांधू नये.

डेटाचा आकार यंत्राच्या मेमरीपेक्षा स्पष्टपणे मोठा असावा. मेमरीत मावणारी चाचणी घेऊ नये असे नाही, पण तिचा निकाल मेमरीचा आणि प्रोसेसरचा निकाल असतो. घरगुती वापराच्या अनेक एसएसडींमध्ये सुरुवातीचे काही लेखन वेगवान राखीव भागात जाते आणि तो भरला की वेग बराच उतरतो. लहान फाइलवरची चाचणी त्या राखीव भागातच संपते आणि पुढे लाखो नोंदींच्या खऱ्या भरतीत तो वेग टिकत नाही. म्हणून डेटाबेस लावण्यापूर्वी ‘एफआयओ’सारख्या साधनाने डिस्कचा दीर्घकाळ टिकणारा लेखनवेग मोजून ठेवावा. पुढे भरतीचा वेग त्याच्या जवळ पोहोचलेला दिसला, तर तुलना डेटाबेसची न राहता डिस्कची झाली आहे हे कळते.

मूळ फाइल आणि डेटाबेस शक्यतो वेगळ्या डिस्कवर असावेत. प्रत्येक चाचणीपूर्वी लिनक्सचा पेज कॅशे (वाचलेल्या फाइली मेमरीत ठेवण्याची जागा) रिकामा करावा, किंवा फाइल आधी एकदा पूर्ण वाचून कॅशे मुद्दाम भरून घ्यावा. दोन्ही चालते, पण सर्वांसाठी एकच पद्धत ठेवावी. कंटेनरमध्ये चाचणी घ्यायची असेल तर डेटाची डिरेक्टरी कंटेनरच्या थरांच्या फाइल सिस्टमवर न ठेवता स्वतंत्र व्हॉल्यूमवर ठेवावी. एका वेळी एकच डेटाबेस सर्व्हर चालू असावा.

मेमरीची वाटणी हा इथला अवघड भाग आहे. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर आणि इनोडीबीचा बफर पूल या डेटा मेमरीत ठेवण्याच्या दोन्ही जागांचे मूळ मूल्य सहसा १२८ एमबी असते, म्हणून ‘दोन्हींना सारखीच मेमरी दिली’ असे समजून काही जण पुढे जातात. पण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टमच्या कॅशेवर मोठ्या प्रमाणात विसंबून असतो, तर इनोडीबी बहुधा तो कॅशे टाळून थेट डिस्कवर लिहिण्याच्या बेताने चालवला जातो. दोन्हींच्या अधिकृत मार्गदर्शनातही हा फरक दिसतो: पोस्टग्रेससाठी एकूण मेमरीच्या सुमारे २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी असे सुचवलेले आहे, तर केवळ मायएसक्यूएलसाठी राखलेल्या सर्व्हरवर बफर पूल ८० टक्क्यांपर्यंत नेता येतो. त्यामुळे आकडा सारखा ठेवण्यापेक्षा यंत्राची एकूण मेमरी सारखी ठेवून प्रत्येकाला त्याच्या रीतीप्रमाणे जुळवून घेणे अधिक न्याय्य आहे.

भरण्याचा मार्ग

एकेक ‘इन्सर्ट’ आज्ञा पाठवून आणि प्रत्येकीमागे कमिट (बदल कायम) करून जो वेळ मोजला जातो, तो मुख्यतः डिस्कवरच्या सिंकचा (डेटा खरोखर डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबण्याचा) आणि नेटवर्कवरच्या येरझाऱ्यांचा असतो. एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीत हे फार स्पष्ट सांगितले आहे: साध्या संगणकावर सेकंदाला ५०,००० किंवा अधिक इन्सर्ट सहज होतात, पण ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट होणाऱ्या आज्ञांचे गट) मात्र काही डझनच होतात, कारण मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर प्रत्येक कमिट फिरत्या तबकडीची वाट पाहतो. सगळ्या आज्ञा एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंफल्या की चित्र पूर्ण पालटते. म्हणून एका डेटाबेसला एकेक कमिट आणि दुसऱ्याला एकच ट्रान्झॅक्शन अशी तुलना होत नाही ना, हे सर्वप्रथम पाहावे. वापरलेल्या लायब्ररीत ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञेनंतर कमिट) आपोआप चालू असल्यामुळे हे नकळत घडते.

प्रत्येक डेटाबेसला त्याचा स्वतःचा घाऊक भरतीचा मार्ग द्यावा. पोस्टग्रेससाठी ‘कॉपी’, मायएसक्यूएलसाठी ‘लोड डेटा इन्फाइल’, एसक्यूएल सर्व्हरसाठी ‘बल्क इन्सर्ट’ किंवा ‘बीसीपी’, ओरॅकलसाठी ‘एसक्यूएल लोडर’ किंवा एक्स्टर्नल टेबल, आणि एसक्यूलाइटसाठी एका ट्रान्झॅक्शनमधली तयार केलेली इन्सर्ट आज्ञा. आपले ॲप्लिकेशन प्रत्यक्षात अनेक नोंदींची एकत्र इन्सर्ट आज्ञाच वापरणार असेल तर तीही मोजावी, पण वेगळी चाचणी म्हणून. फाइल सर्व्हरवरून वाचली जाते की क्लायंटकडून नेटवर्कवरून येते, हेही सर्वांसाठी समान ठेवावे.

समांतर भरतीबद्दल थोडी दक्षता हवी. पोस्टग्रेसची एक ‘कॉपी’ आज्ञा एकाच प्रोसेसमध्ये चालते, तर मायएसक्यूएल शेलचे टेबल आयात करणारे साधन फाइलचे तुकडे करून अनेक थ्रेड लावते. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे चुकीचे आहे. आधी दोन्हीकडे एक सेशन, मग दोन्हीकडे फाइलचे सारखे तुकडे करून दोन, चार, आठ सेशन, अशी चढती मालिका घ्यावी आणि वेग कुठे वाढायचा थांबतो ते नोंदवावे.

टिकाऊपणाची पातळी

तुलना सर्वांत जास्त इथेच फसते. कमिट झाल्यावर त्याच क्षणी वीज गेली तरी डेटा राहील, ही हमी डेटाबेसला महाग पडते, आणि प्रत्येक डेटाबेसमध्ये ती ढिली करण्याचे मार्ग वेगळे असतात. म्हणून चाचण्यांचे तीन गट करावेत आणि एका गटातला आकडा दुसऱ्या गटातल्या आकड्याशेजारी कधीही ठेवू नये.

पहिल्या गटात पूर्ण हमी असते. पोस्टग्रेसमध्ये ‘एफसिंक’ आणि ‘सिंक्रोनस कमिट’ चालू. मायएसक्यूएलमध्ये कमिटच्या वेळी इनोडीबीचा लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरवण्याची सेटिंग १ वर आणि बायनरी लॉग सिंक करण्याची सेटिंगही १ वर. मायएसक्यूएल ८.० पासून बायनरी लॉग मुळातच चालू असतो, तेव्हा इनोडीबीच्या स्वतःच्या लॉगबरोबर हे दुसरे लेखनही होत असते. तुमच्या कामाला रेप्लिकेशन (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवत राहणे) लागणार असेल तर तो खर्च खरा आहे आणि पोस्टग्रेसचा वॉल लॉगही (त्याची बदलांची नोंदवही) मग ‘रेप्लिका’ या पातळीवरच ठेवावा. लागणार नसेल तर बायनरी लॉग बंद करावा आणि पोस्टग्रेसलाही तशीच सवलत द्यावी.

दुसऱ्या गटात कमी लॉग लिहूनही, भरती संपल्यावर डेटा पक्का राहतो. पोस्टग्रेसमध्ये वॉल पातळी ‘मिनिमल’ केली आणि टेबल त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तयार केले किंवा रिकामे केले, तर ‘कॉपी’ला त्या नोंदींचा लॉग लिहावा लागत नाही; कमिटच्या वेळी टेबलाची फाइलच सिंक होते. यासाठी रेप्लिकेशन पाठवणाऱ्या प्रोसेसची कमाल संख्या शून्य करावी लागते आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकव्हरी मॉडेल ‘सिंपल’ किंवा ‘बल्क-लॉग्ड’ असताना ‘टॅबलॉक’ पर्यायासह इंडेक्सविरहित टेबलात भरल्यास असाच किमान लॉग लिहिला जातो. ओरॅकलमध्ये डायरेक्ट पाथ भरती बफर कॅशे टाळून टेबलाच्या वापरलेल्या सीमेपलीकडे थेट ब्लॉक लिहिते, आणि टेबल ‘नोलॉगिंग’ असेल तर रीडू लॉग (बदलांची नोंदवही) लिहिण्याचे कामही वाचते. मात्र डेटाबेसवर ‘फोर्स लॉगिंग’ असल्यास तो पर्याय निष्प्रभ ठरतो, तेव्हा ते आधी तपासावे. या सगळ्या मार्गांची किंमत नंतर बॅकअपच्या रूपाने मोजावी लागते. नोलॉगिंगने भरलेला डेटा जुन्या बॅकअप आणि लॉगमधून परत उभा करता येत नाही, त्यामुळे भरतीनंतर नवा बॅकअप घ्यावाच लागतो आणि खऱ्या कामात तो वेळही भरतीचाच वेळ असतो.

तिसऱ्या गटात हमीच सोडलेली असते: पोस्टग्रेसचे ‘अनलॉग्ड’ टेबल, जे सर्व्हर कोसळल्यावर आपोआप रिकामे होते, मायएसक्यूएल ८.०.२१ पासून आलेली इनोडीबीचा रीडू लॉग बंद करण्याची आज्ञा. एसक्यूलाइटमधला ‘सिंक्रोनस ऑफ’ हा पर्यायही याच गटातला. पहिल्यांदाच भरायच्या नव्या सर्व्हरसाठी हे मार्ग योग्य असू शकतात, कारण बिघडले तर सगळे पुसून पुन्हा भरता येते. चालू सर्व्हरवर ते वापरू नयेत, आणि त्यांचा निकाल ‘हमीशिवाय’ असे ठळक लिहूनच सांगावा.

पोस्टग्रेसमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. वॉल लॉगची कमाल मर्यादा मुळात १ जीबी असते. मोठ्या भरतीत ती पुन्हा पुन्हा ओलांडली जाते आणि चेकपॉइंट फार वेळा होतात; सर्व्हरच्या लॉगमध्ये तसा इशाराही उमटतो. प्रत्येक चेकपॉइंटनंतर जुन्या पानाला पहिल्यांदा हात लागला की ते पान संपूर्ण लॉगमध्ये लिहिले जाते, त्यामुळे इंडेक्स असलेल्या टेबलाला याचा मोठा फटका बसतो. ही मर्यादा वाढवणे म्हणजे हमीत तडजोड नव्हे, तेव्हा पहिल्या गटातही ते करावे आणि मायएसक्यूएलच्या रीडू लॉगची क्षमताही त्याच बरोबरीने वाढवावी.

इंडेक्स, की आणि नोंदींचा क्रम

पोस्टग्रेसमध्ये टेबल म्हणजे नोंदींचा ढीग असतो आणि प्रायमरी कीचा इंडेक्स त्यापासून वेगळा असतो. इनोडीबीमध्ये प्रायमरी कीच्या क्रमाने रचलेला इंडेक्स हेच टेबल असते. या एका फरकामुळे अनेक निकाल उलटे होतात. फाइल कीच्या क्रमाने लावलेली असेल तर इनोडीबी इंडेक्सच्या झाडासारख्या रचनेच्या टोकालाच भर घालत जातो. तीच फाइल अस्ताव्यस्त असेल, किंवा की यादृच्छिक यूयूआयडी (लांब ओळखक्रमांक) असेल, तर पाने मध्येच फुटतात आणि टेबल मेमरीपेक्षा मोठे झाले की वेग झपाट्याने घसरतो. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स नसलेल्या टेबलाला क्रमाने काही फरक पडत नाही, पण इंडेक्स आधीच असेल तर त्यालाही असाच त्रास होतो. म्हणून क्रमवार आणि विस्कटलेली अशा दोन फाइली कराव्यात आणि दोन्हींवर चाचणी घ्यावी. केवळ क्रमवार फाइलवरचा निकाल इनोडीबीला झुकते माप देतो, तर प्रायमरी की न लावता घेतलेला निकाल पोस्टग्रेसला.

दुय्यम इंडेक्स रिकाम्या टेबलावर आधी न बांधता भरती झाल्यावर बांधावेत, ही सर्वसाधारण रीत दोन्हींकडे लाभाची आहे. पोस्टग्रेसमध्ये त्या वेळी देखभालीच्या कामाची मेमरी ६४ एमबीच्या मूळ मूल्यापेक्षा वाढवावी. मजकुराच्या कॉलमवर इंडेक्स असेल तर कोलेशन (मजकूर क्रमाने लावण्याचे नियम) सारखे आहे का ते तपासावे. बाइटच्या क्रमाने लावणे आणि भाषेच्या नियमांनी लावणे यांत वेळेचा लक्षणीय फरक पडतो.

कन्स्ट्रेंटच्या बाबतीत डेटाबेस आपणहून काय वगळतो, हे माहीत असावे. एसक्यूएल सर्व्हरचे ‘बल्क इन्सर्ट’ वेगळे सांगितल्याशिवाय चेक (मूल्यांवरची अट) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी असलेला दुवा) तपासत नाही व ट्रिगरही (नोंद भरताच आपोआप चालणारा कोड) चालवत नाही. ओरॅकलचा डायरेक्ट पाथ लोडर फॉरेन की, चेक आणि ट्रिगर तात्पुरते बंद ठेवतो. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीची तपासणी बंद करून पुन्हा चालू केली तरी मधल्या काळात भरलेल्या नोंदी मागे वळून तपासल्या जात नाहीत. त्यामुळे या तपासण्या भरतीनंतर स्वतः करून त्यांचा वेळ मोजणीत मिळवावा.

प्रत्यक्ष मोजणी

संपूर्ण क्रम एका स्क्रिप्टमध्ये लिहावा: टेबल पाडणे, पुन्हा तयार करणे, कॅशेची स्थिती ठरवणे, भरती, इंडेक्स, आकडेवारी, चेकपॉइंट, तपासणी. हाताने आज्ञा देऊन घेतलेली मोजणी पुन्हा तशीच होत नाही. प्रत्येक चाचणी किमान पाच वेळा करावी, मध्यक द्यावा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेळही सोबत द्यावा. दोन डेटाबेसमधला फरक एकाच डेटाबेसच्या दोन फेऱ्यांमधल्या फरकापेक्षा मोठा नसेल, तर कोणीही सरस नाही असेच लिहावे. सगळ्या फेऱ्या एका डेटाबेसच्या आणि मग दुसऱ्याच्या, असे न करता आलटून पालटून घ्याव्यात, म्हणजे यंत्र तापल्यामुळे पडणारा फरक दोघांत वाटला जातो.

एकूण वेळेबरोबर भरती चालू असतानाचा वेगही नोंदवावा. पोस्टग्रेस १४ पासून ‘कॉपी’ची प्रगती दाखवणारा व्ह्यू उपलब्ध आहे, इतरत्र फाइलचे सारखे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा वेळ लिहिता येतो. सपाट आलेख आणि हळूहळू उतरणारा आलेख यांची सरासरी सारखी असू शकते, पण दहापट डेटा आल्यावर त्यांचे भवितव्य सारखे नसते. सोबत ‘आयओस्टॅट’ आणि ‘व्हीएमस्टॅट’ ही यंत्राचा वापर दाखवणारी साधने चालू ठेवल्यास अडथळा डिस्कचा आहे की प्रोसेसरचा, हे कळते. एकच प्रोसेसर पूर्ण वापरात आणि डिस्क निवांत, असे चित्र असेल तर वेळ फाइलीतला मजकूर फोडून प्रकारांत बदलण्यात जात आहे, आणि तिथे वेगवान डिस्क घेऊन काही साधणार नाही.

भरलेला डेटा तोच आहे का

ही पायरी वगळलेली मोजणी मी ग्राह्य धरणार नाही. ‘लोड डेटा लोकल’ वापरल्यास मायएसक्यूएल चुकांचे रूपांतर इशाऱ्यांत करतो आणि कीची पुनरावृत्ती असलेल्या नोंदी सोडून देतो. ‘बल्क इन्सर्ट’ मूळ सेटिंगनुसार १० चुकांपर्यंत, तर एसक्यूएल लोडर ५० चुकांपर्यंत नोंदी वगळत पुढे जातो. पोस्टग्रेसची ‘कॉपी’ मात्र सहसा पहिल्याच चुकीला सगळे मागे घेते. रिकाम्या जागेचा अर्थही बदलतो: पोस्टग्रेसच्या सीएसव्ही रीतीत अवतरणाशिवाय रिकामा असलेला रकाना नल (मूल्यच नाही) ठरतो, मायएसक्यूएलमध्ये नलसाठी उलटी तिरकी रेघ आणि एन लागतो, आणि ओरॅकल रिकाम्या मजकुरालाही नलच मानतो. म्हणून प्रत्येक भरतीनंतर एकूण नोंदी, संख्यात्मक कॉलमांच्या बेरजा, प्रत्येक कॉलममधल्या नलची संख्या, तारखांची दोन टोके आणि मजकुराच्या बाइटची बेरीज काढून मूळ फाइलीच्या आकड्यांशी ताडावी. बेरजांसाठी अपूर्णांक असलेला कॉलम नेमक्या दशांश प्रकाराचा ठेवावा. फ्लोट प्रकारात बेरजेच्या क्रमामुळेच शेवटचे अंक बदलतात आणि नसलेली चूक दिसू लागते.

निकाल इतरांना द्यायचा असेल तर आवृत्त्यांचे पूर्ण क्रमांक, मूळ मूल्यांपेक्षा बदललेली प्रत्येक सेटिंग, टेबलांची रचना, स्क्रिप्ट आणि डिस्कचा प्रकार सोबत द्यावा. जाहीर करण्यापूर्वी परवान्याच्या अटीही वाचाव्यात. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरच्या परवान्यांत बेंचमार्कचे निकाल कंपनीच्या पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यास मनाई करणारे कलम असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधक डेव्हिड डेविट यांच्या १९८० च्या दशकातील मोजणीनंतर असे कलम रूढ झाले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएलची मुक्त आवृत्ती यांना अशी अट नाही. त्यामुळे व्यावसायिक डेटाबेसचे आकडे संस्थेच्या आत निर्णयासाठी वापरावेत आणि बाहेर देताना आकड्यांऐवजी फक्त पद्धत व स्क्रिप्ट द्यावी; ज्याच्याकडे परवाना आहे तो आपल्या यंत्रावर ती चालवून स्वतःचे आकडे काढू शकतो.